उजव्या बाजूचे आकडे

विश्रामबागेतला रामगोंडा पाटील भांडतो का, असं सांगलीत कुणी विचारत नाही. सध्या कुणाशी भांडतोय, एवढंच विचारतात. माणूस अडुसष्ट वर्षांचा, पण जिभेला गंज म्हणून नाही. केबलवाल्यानं त्याच्या गल्लीत यायचं कधीच सोडलं. सोसायटीच्या मीटिंगची नोटीस त्याच्या दारावर लावत नाहीत, कारण लावली तर तो येतो. नौदलातून सुटल्यावर अठरा वर्षं बँकेत बंदूकवाला होता. तिथली माणसं अजून सांगतात की बंदुकीला कुणी भीत नव्हतं, रामगोंडाच्या नजरेलाच भीत होतं.

पण या सगळ्या किरकोळ चकमकी. खरं वैर एकच, आणि ते साताऱ्यात राहतं. त्याचं नाव दादासो इंगवले.

रामगोंडा मूळचा समडोळीचा. जैनाघरचं पोर. चार एकर ऊस, घरात कांदा-बटाट्याला बंदी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. अशा घरातला पोरगा घरचा नांगर सोडून नौदलाचा नांगर बाहीवर लावायला गेला, तेव्हा समडोळीला काही समजेना. त्याची आई म्हणे वर्षभर शेजारणींना सांगत होती की पोरगा मुंबईत कापडाच्या दुकानात आहे. जहाजावर तो रंगाच्या टोळीत होता. दोराला फळी टांगायची, फळीवर बसायचं आणि जहाजाच्या अंगाला रंग द्यायचा. टोळीवरचा वरिष्ठ दादासो, कोरेगाव तालुक्यातला. शेजारच्या जिल्ह्यातला म्हणून सुरुवातीला दोघं एका ताटात जेवायचे. अर्थात दिवस मावळायच्या आत.

मग ती गोदीतली भानगड झाली.

जहाजाच्या नाकापाशी, बुडापासून वर, पांढऱ्या रंगात एकाखाली एक आकडे असतात. पाणी ज्या आकड्याला टेकलं तितके फूट जहाज बुडालं, असा हिशेब. त्या जहाजाचं नाव इथं नको, अजून कुणाकुणाची पेन्शन चालू आहे. तर जहाज पाणी उपसलेल्या कोरड्या गोदीत उभं होतं, दुरुस्तीत उजव्या बाजूचा जुना पत्रा कापून नवा बसवला होता, त्यामुळे त्या बाजूचे आकडे नव्यानं मापून रंगवायचे होते. फळीवर रामगोंडा, खाली गोदीत टेपचं टोक धरून दादासो. टेप तुटका. पहिली वीत गायबच. टोळीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि रीतही ठरलेली होती: खाली टोक धरणाऱ्यानं ‘वीत मिळव’ म्हणून ओरडायचं, वरच्यानं ती मापात मिळवायची. त्या दिवशी खालचा ओरडला नाही, वरच्यानं विचारलं नाही. उजव्या बाजूचे सगळे आकडे वीतभर खाली रंगवले गेले. दादासोनं वहीत ‘तपासले’ असं लिहून सही केली. गोदीत पाणी सोडलं, जहाज बाहेर निघालं.

आता आकडे खाली आले म्हणजे पाणी वरच्या आकड्याला टेकणार. साहेबांना वाटलं जहाज उजवीकडं जास्त बुडतंय. त्यांनी उजवीकडचं सामान डावीकडं हलवलं. मग जहाज खरोखरच डावीकडं कललं. स्वयंपाकी म्हणायचा, ताटात वाढलेली आमटी सगळी एका बाजूला जाऊन बसते. सोळा दिवस हे नाटक चाललं. मग कुणीतरी पाणसळ ठेवून बघितली आणि चौकशी बसली.

चौकशीत दादासो म्हणाला, “मला ताप हुता सायेब. मी गोदीत उतरलोच न्हाई. पाटील बोलला मापं बरोबर हाईत, मी भरवशानं सही केली.”

दादासोला समज देऊन सोडलं. रामगोंडाच्या बाहीवरचा नांगर, म्हणजे हुद्दाच, उतरवला. टेपचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, हे त्यानं सतरा वेळा सांगितलं, पण टेप काही साक्ष देत नाही.

हे पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीचं. कुणीही म्हणेल, जाऊ दे आता. रामगोंडानंही जवळजवळ जाऊ दिलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या एका मंडळानं स्मरणिका काढली. मंडळाचा अध्यक्ष दादासो. अध्यक्षांचा लेख पहिल्याच पानावर, ‘समुद्रावरच्या गमतीजमती’. त्यात हीच हकिगत, अगदी रंगवून: आमच्या टोळीत सांगलीकडचा एक पाटील होता, त्याला वीत मोजता येत नव्हती, मी तापानं फणफणलेलो, खाली उतरलोही नाही, आणि या गड्यानं आख्खं जहाज वाकडं केलं! सोबत फोटो. फोटोत बाण काढून ‘हाच तो’.

स्मरणिकेची एक प्रत सांगलीत पोचली. प्रत एकच, पण पेन्शनच्या रांगेत चाळीस माणसं. पंधरा दिवसांत रामगोंडाचं नाव ‘वीतभर पाटील’ पडलं. भाजीवाली सुद्धा कोथिंबिरीची जुडी दाखवून म्हणाली, “बघा की काका, चांगली वीतभर हाय.” तिला काही माहीत नसेलही. रामगोंडानं जुडी तिथंच टाकली आणि त्या भाजीवालीकडं जायचं बंद केलं.

त्यानं मंडळाला तीन पत्रं लिहिली. मागणी एकच: दादासोनं ‘मी खाली उतरलो होतो’ असं चार माणसांत कबूल करावं आणि पुढच्या स्मरणिकेत छापावं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, दोन शब्दांचं. ‘पुरावा आणावा.’

पुरावा कुठला आणणार? जहाज तर केव्हाच भंगारात गेलेलं.

तेव्हा रामगोंडानं जहाजच करायला घेतलं.

शंभराला एक या प्रमाणात. सागवानाच्या तुकड्यांचं, दोन फुटांच्या आसपास लांबीचं. मंडळानं सभागृहातल्या काचेच्या कपाटासाठी माजी सैनिकांकडून वस्तू मागवल्या होत्याच. दीड वर्ष बैठकीतल्या टेबलावर जहाज बसलं आणि पाहुणे उभे राहिले. सरस जनावराचा असतो म्हणून सगळं फेव्हिकॉलवर. कुंचलासुद्धा केसाचा चालत नव्हता, नायलॉनचा आणला.

“पर याचा उपेग काय?” त्याची बायको सुंदरी विचारायची. “त्यो जहाज बघून रडणार हाय व्हय?”

“उजव्या बाजूचं आकडं वीतभर खाली लावणार हाय. जसं हुतं तसं. त्येच्या डोळ्याम्होरं ठेवणार. चार माणसांत. बघू तोंडातनं काय निगतंय.”

“त्येला लाज असती तर छत्तीस वर्सं गप बसला असता का, आवं?”

“तू गप बस.”

“मी गप बसते. जहाज कवा उठतंय ते सांगा. वरीसभर पाहुण्यांस्नी उभं ठेवतीय.”

जहाज झालं, रंग झाला, राहिले ते आकडे. आणि गाडी तिथंच अडली. शंभराला एक म्हटलं की सहा इंचाचा आकडा दीड मिलिमीटरचा होतो, तिळाच्या दाण्यापेक्षा लहान. हातानं रंगवायला बसला तर बोटं थरथरतात. पुण्यात चौकशी केली तर कळलं की यासाठी एक कागद मिळतो. त्यावर छापायचं, पाण्यात भिजवायचं, की वरचा पातळ पापुद्रा आकड्यांसकट सुटतो. तो सरकवून जिथं हवा तिथं बसवायचा. पण साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते आणि आकडे तर पांढरे. पांढरं छापायचं तर जाळीवर छापणारा माणूस पाहिजे, जुन्या लग्नपत्रिका छापायचे तसा.

असा माणूस शंभर फुटी रस्त्यावर होता. नियाज मुजावर. दुकानावर पाटी ‘नियाज रेडियम’, पण आतल्या खोलीत बापाच्या वेळच्या छपाईच्या जाळ्या अजून जपून ठेवलेल्या. वय पन्नाशीचं. हात अतिशय चांगला आणि तोंड तितकंच वाईट. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक मुकाट्यानं उभं राहतं. एका आमदाराच्या माणसानं बॅनरवरचा फोटो मोठा कर म्हणून सांगितलं, तर हा म्हणाला, माणूस मोठा करून आणा, फोटो आपोआप होईल. अशा दोन माणसांची गाठ पडायची म्हणजे शंभर फुटी रस्त्याला करमणूकच होती. समोरचा पंक्चरवाला स्टूल घेऊनच बसला.

रामगोंडानं कागद ठेवला. ट्रेसिंगवर स्वतःच्या हातानं काढलेले आकडे. डाव्या बाजूची रांग वेगळी, उजव्या बाजूची वेगळी.

“ह्ये काय? मुंग्या हाईत का?” नियाजनं भिंग लावलं.

“आकडं हाईत. पांढऱ्यात छापायचं. एक बी रेघ इकडंतिकडं न्हाई झाली पायजे.”

“मला शिकवायला आलाय व्हय? माझा बाप जाळीवर सई उठवायचा, बँकेला वळकाय यायची न्हाई.”

“बँकेत मीच हुतो. म्हणूनच तर तुज्यावर नजर हाय.”

पंक्चरवाला खूष झाला.

मग कागदाच्या मागच्या डिंकाचा विषय निघाला. रामगोंडाचा प्रश्न, त्यात जनावराचं काही नाही ना? नियाज म्हणाला, “काका, ह्यो कागद चिकटवायचा हाय का खायाचा?” रामगोंडा म्हणाला, चिकटवायचाच आहे, पण हात लागतो. नियाजनं पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं, मका का कशाचा तरी स्टार्च निघाला, आणि पाकीट त्याच्या पुढ्यात आपटून म्हणाला, “घ्या. बिनधास्त उपवासाला बी चालतंय.”

आणि जाता जाता रामगोंडानं भिंगावर बोट ठेवून सांगितलं, “उजव्या रांगेत सगळ्यात खालचा आकडा जसा काढलाय तसाच. अर्धा हाय. अर्धाच छापायचा.”

त्याला कारण होतं. गोदीत जहाज पडू नये म्हणून बाजूनं लाकडी टेकू लावलेले असतात. त्या जहाजावरचे आकडे आठापासूनच सुरू व्हायचे, आणि तसला एक टेकू नेमका उजव्या बाजूच्या आठावर आडवा आला होता. त्यामुळे आठाचा अर्धाच भाग रंगवता आला आणि तो तीनसारखा दिसायचा. जहाज तरंगलं की तो आकडा पाण्याखालीच जाणार होता, म्हणून तसाच सोडून दिला. छत्तीस वर्षांनंतरही रामगोंडाला जहाज होतं तसं हवं होतं, तो अर्धा आठ धरून. कारण मात्र त्यानं नियाजला सांगितलं नाही. कारण सांगायचा त्याचा स्वभाव नाही.

नियाजनं नेमकं त्याच वेळी कुणाला तरी फोनवर शिव्या द्यायला घेतल्या होत्या. त्यानं मान हलवली. ती कुणासाठी हलवली ते त्यालाच माहीत.

चार दिवसांनी आकडे मिळाले. रामगोंडा घरी आला. पाणी आधी पांढऱ्या फडक्यानं गाळून घेतलं. पण सांगलीच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात असं लक्षात आल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं, तेही गाळलं. सुंदरी म्हणाली, “बाटलीतल्या पाण्यात कुठला जीव आला?” त्यानं फडकं पिळून वाळत घातलं. बशीत कागद भिजला, पापुद्रा सुटला, कुंचल्याच्या टोकानं एकेक रांग सरकवत त्यानं जागेवर नेली. डावी बाजू मापात. उजवी बाजू दोन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त खाली, म्हणजे खऱ्या जहाजावर बरोबर वीतभर. सुकल्यावर वरून वार्निशचा हात. दुसऱ्या दिवशी उन्हात भिंग लावून बघतो तर उजव्या बाजूला सगळ्यात खाली आठ. पुरा, गोल, गुटगुटीत आठ.

तासाभरात तो नियाजच्या दुकानात.

“अर्धा सांगितला हुता न्हवं?”

“अर्धा?” नियाज हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला. “मला वाटलं, काढताना तुमच्या हातनं अर्धा ऱ्हायला. बारा, अकरा, धा, नऊ, आन त्येच्याखाली तीन! नवाच्या खाली तीन येतो का? म्या सोता बसून ट्रेसिंगवर पुरा केला. उपकार मानायचं सोडून—”

“तुला कुणी सांगितलं पुरा करायला?”

“माज्या दुकानातनं अर्धा आकडा जात न्हाई! उद्या लग्नाच्या पत्रिकंत नवरदेवाचं अर्धं नाव छापू का, त्येचा बाप बोलला म्हणून?”

“मला नवा छापून दे. आत्ता.”

“जाळी धुतली. कागद संपला. पुण्यास्नं यायला आठ दिस.”

मंडळाचा साताऱ्यातला नौदल दिनाचा कार्यक्रम चार डिसेंबरला, म्हणजे परवा. खरवडावं तर वार्निश आणि खालचा लाल रंग दोन्ही निघणार. रामगोंडा लाल झाला. तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या घराण्यात तसं बोलायची रीतही नाही. नियाजनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, “कोण बघणार हाय तुमचा आठ? कोण हाय साताऱ्यात इवडा भिंगवाला? चला, मीच येतो. माज्या कामाला कोण नाव ठिवतंय त्ये बघतोच.”

“तू कशाला?”

“जहाज काय एष्टीत मांडीवर घेऊन जाणार? खड्ड्यात आपटलं की माझं आकडं गेलं म्हणाल.”

असं ते दोघं नियाजच्या ओम्नीतनं निघाले, मागं दोन गाद्यांच्या मध्ये जहाज. पेठ नाक्यापर्यंत नियाजचं गाडी चालवणं कसं चुकीचं आहे यावर, कऱ्हाडपर्यंत रामगोंडाचं बोलणं कसं चुकीचं आहे यावर, आणि उंब्रजच्या पुढं दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते. खिडकीच्या काचेवरून मात्र एकदा भांडण झालं. एकाला ती उघडी हवी होती.

सभागृहात साठएक माणसं. खादीचा कोट घालून दादासो इंगवले व्यासपीठावर, मिश्या पांढऱ्या पण पीळ तसाच. मंडळाचं लिखाणाचं काम बघणारी प्रांजल नावाची मुलगी टेबलाशी बसली होती. कुणाकडून काय आलं ते लिहून घ्यायचं तिच्याकडं होतं. तिचे वडील मंडळाचे सभासद. मागच्या स्मरणिकेतला प्रत्येक लेख तिनंच टाइप केला होता, त्यामुळे साताऱ्यात ते लेख अख्खे वाचलेली बहुधा ती एकटीच.

जहाज टेबलावर ठेवलं. माणसं जमली. खरं सांगायचं तर जहाज सुंदर होतं. नियाजसुद्धा एक मिनिटभर काही वाईट बोलला नाही.

दादासो खाली उतरला. आला तो हसतच. “आला का, आमचा मुनी महाराज! काय रं रामगोंडा, अजून दिस मावळायच्या आत जेवतूस न्हवं?”

“जेवतो. खोटं न्हाई बोलत, म्हणून पचतंय.”

“आरं तिच्या!” दादासोनं खिशातून भिंग काढलं. “बघू तरी काय करून आणलंयस.”

त्यानं डावी बाजू बघितली. मग जहाजाला वळसा घालून उजव्या बाजूला आला, वाकला, आणि भिंग आकड्यांवर धरलं. रामगोंडाचे हात मागं बांधलेले. त्याची एवढ्या दिवसांची सगळी भिस्त या क्षणावर होती. आता याचा चेहरा उतरणार, आता हा अडखळणार.

दादासो अडखळला वगैरे काही नाही. त्यानं मान वर केली आणि खदाखदा हसला.

“गड्यांनो, या या, बघा! म्या लिहिलं हुतं न्हवं लेखात? ह्योच त्यो वीतभर पाटील! छत्तीस वर्सांनी सोताची चूक सोताच्या हातानं चिकटवून घिऊन आला! उजवीकडचं आकडं खाली हाईत बघा!”

माणसं हसली. साठ माणसं हसली म्हणजे किती आवाज होतो ते रामगोंडाला त्या दिवशी कळलं. सुंदरीचं म्हणणं खरं होतं: लाजेवर डाव लावायचा तर समोरच्याकडं ती असायला हवी. नियाज पुटपुटला, “काका, चला. गुंडाळा गलबत.” रामगोंडानं जहाज ज्यावर बसवलं होतं त्या पाटाला हात घातलासुद्धा.

पण दादासोला आता रंग चढला होता. समोर साठ माणसं, हातात भिंग, आणि चुका काढायला दोन फुटांचं जहाज. अशा वेळी गप्प बसणारा तो इंगवले नव्हेच. तो पुन्हा वाकला.

“आन ह्ये बघा, चूक बी धड न्हाई केली यानं! हितं आठ पुरा काढलाय. आरं येड्या, हितं टेकू आडवा आलता न्हवं? अर्धाच रंगवला हुतास, तीनासारका दिसत हुता. मीच तर खालनं वरडलो, ऱ्हाऊ दे, पाण्याखाली कोण बघतंय! इसरलास व्हय? म्हातारा झालास रं!”

रामगोंडानं पाटावरचा हात काढला.

माणसं अजून हसत होती. पहिल्यांदा बोलली ती प्रांजल, टेबलामागून, मान वर न करता, एखादी तारीख तपासावी तसं: “काका, पण लेखात तुम्ही खाली उतरला नव्हता ना? ताप होता म्हणून?”

दादासो म्हणाला, “आँ?”

“म्हणजे आता वेगळं लिहायचं का, म्हणून विचारते.”

हसू मागच्या रांगेतून थांबत थांबत पुढं आलं. पुढच्या खुर्चीतला एक सुभेदार म्हणाला, “इंगवले, पाण्याखालचा आकडा तुमी गोदीत उतरल्याबिगार कसा बघितला?”

“कुणीतरी सांगितलं असंल नंतर.”

“आत्ता म्हणालात, मीच वरडलो म्हणून.”

दादासोनं भिंग खिशात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. रामगोंडा त्याच्या अगदी जवळ गेला. ओरडायचं काही कारणच उरलं नव्हतं.

“टेपचं टोक कुणाच्या हातात हुतं, दादासो?”

“रंगवलं तू का मी?”

“मीच रंगवलं. वीत मिळवायची का म्हणून इचारलं न्हाई, ती माझी चूक. लिहून देतो. तू सांग, टोक कुणाच्या हातात हुतं?”

दादासोनं भोवतीच्या माणसांकडं बघितलं. शेवटी दादासो म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं, “माझ्या.” आणि लगेच, श्वास न घेता: “मग? वरच्याला बी डोकं असायला पायजे का न्हाई? मी काय शाळामास्तर हुतो, दर टायमाला वरडायला?”

“रीत हुती वरडायची!”

“रीत इचारायची बी हुती!”

“नांगर माझा गेला!”

“जाणारच हुता! तुला धड फळीवर बसता येत नव्हतं!”

तिथून पुढं अर्धा तास दोघं त्या गोदीत पुन्हा एकदा उतरले. मंडळाची माणसं मधे पडायला गेली तर दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. मग कपाटाचा विषय निघाला. सुभेदारानं समजुतीनं सुचवलं, जहाज ठेवू, पण उजवी बाजू भिंतीकडं करू, म्हणजे वाद नको. यावर दोघं एकदमच उसळले.

“म्होरंच ठिवा!” दादासो म्हणाला. “बघू द्या दुनियेला, यानं कसं रंगवलं त्ये.”

“म्होरंच ठिवा,” रामगोंडा म्हणाला. “आन खाली पाटी लावा. मापं कुणी तपासली त्येच्या नावासकट.”

आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. जहाज कपाटात गेलं, उजवी बाजू पुढं. नियाजनं कपाटाची काच लावायच्या आधी स्वतःच्या रुमालानं पाट पुसला आणि दादासोला बजावलं, “आठ पुराच ऱ्हाईल. खरवडायला हात लावला तर बघा.” दादासोनं विचारलं, हा कोण? रामगोंडा म्हणाला, “ह्यो? यानंच घोळ घातलाय सगळा,” आणि हे त्यानं ज्या सुरात म्हटलं त्याला आभार समजायचं की शिवी, हे नियाजला अजून ठरवता आलेलं नाही.

चहा न घेता ते परत फिरले. वाटेत कऱ्हाडजवळ रामगोंडानं सुंदरीला फोन लावला.

“आलं का त्येच्या तोंडातनं?”

“आलं. साठ माणसांत.”

“मग आता तरी बरं वाटलं का?”

रामगोंडानं खिडकीची काच खाली केली. “त्यो म्हणतो मला फळीवर बसता येत नव्हतं,” तो म्हणाला. “त्येला काय कळतंय फळीतलं?”

सुंदरीनं फोन ठेवला.

सांगलीत आता त्याला वीतभर पाटील कुणी म्हणत नाही; निदान तोंडावर तरी. पण दुरुस्ती छापायची राहिलीच आहे. दादासोनं एक वाक्य लिहून प्रांजलकडं दिलं: ‘टेपचे टोक माझ्या हातात होते, परंतु रंगाचे काम पाटलांचे होते.’ रामगोंडाला त्यातला ‘परंतु’ मान्य नाही. त्यानं ‘परंतु’ काढून धाडलं, दादासोनं पुन्हा घालून धाडलं. रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर, म्हणजे दिवस मावळायच्या आत, विश्रामबागेतून साताऱ्याला फोन जातो आणि गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेतात. प्रांजल दोघांच्या मधे टाइप करते आणि खोडते. यंदाची स्मरणिका डिसेंबरअखेर निघायची होती. संक्रांत होऊन गेली, ती अजून छापखान्यात गेलेली नाही.